मेंढीच्या डोक्यातलं फुलपाखरू

जनावरांचे डॉक्टर वामन रावेरकर बऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यातल्या शारदा फोटो स्टुडिओत शिरले, तेव्हा सुलभा एका उपवर मुलीच्या निगेटिव्हवर पेन्सिल फिरवत बसली होती. मुलीच्या गालावर देवीचे व्रण होते. ते फोटोत दिसू नयेत, असं तिच्या बापाने दबक्या आवाजात सांगून ठेवलं होतं. काम फार नाजूक. श्वास जरा जोरात सोडला तरी पेन्सिल भलतीकडे जायची.

हे काम मुळात तिच्या नवऱ्याचं, वसंतचं. रावेरपासून खंडव्यापर्यंत असा हात नाही, असं लोक म्हणत. पण गेल्या काही वर्षांत तो हातच त्याचं ऐकेनासा झाला होता. उजवा अंगठा शेजारच्या बोटावर सारखा फिरत राही, जणू न दिसणारी जपमाळ ओढतोय. वैद्य झाले, खंडव्याचे मोठे डॉक्टर झाले. कंपवात, असं नाव सगळ्यांनी सांगितलं. औषध कोणीच सांगितलं नाही. तेव्हापासून पेन्सिल सुलभाच्या हाती आली आणि तिच्यामागोमाग अंधारखोलीही आली. वसंत कॅमेऱ्यामागे उभा राही, गिऱ्हाइकाला हसवी, मान सरळ करायला लावी. पण ते सगळं तोंडाने. उजवा हात कोटाच्या खिशात.

पंचावन्न सालची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. डॉक्टरांच्या बुटांना शेण लागलेलं होतं. ते उंबऱ्याबाहेरच थांबले आणि दोन्ही हात पसरून म्हणाले, "वसंतराव, एवढी मोठी फिल्म धुऊन मिळेल का तुमच्याकडे?"

"मिळेल की. फोटो कोणाचा?"

"मेंढीचा. म्हणजे मेंढीच्या डोक्याचा. आतून."

वसंत हसला. सुलभाने मात्र पेन्सिल खाली ठेवली.

डॉक्टर बाकावर टेकले आणि सांगू लागले. असीरगढच्या पायथ्याशी सुगीनंतर मेंढ्यांचे कळप उतरतात. त्यातल्या काही मेंढ्यांना गरगर फिरण्याचा रोग होतो. कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर आलेला एक जंतू पोटात जातो, तिथून मेंदूत पोचतो आणि तिथे पाण्याचा फोड धरतो. फोड वाढला की मेंढी एकाच बाजूला फिरत राहते. फिरत फिरत मरते. कवटीला छोटं भोक पाडून, सुईने त्या फोडातलं पाणी ओढून घेतलं तर ती जगू शकते. पण फोड नेमका कुठे आहे, हे बाहेरून कळणार कसं? म्हणून एक्स-रे. उत्तरेतल्या एका संशोधन संस्थेत त्यांनी हे काम सुरू केलं होतं, आणि जिथे रोग आहे तिथेच जाऊन करायचं म्हणून बऱ्हाणपूर मागून घेतलं होतं.

"यंत्र आहे," ते म्हणाले. "लढाईत पलटणीबरोबर हिंडलेलं, म्हातारं. लालबागेत स्टेशनच्या वाटेवर ते बंद पडलेलं कापसाचं जिनिंग आहे ना, तिथे लावलंय. शेजारच्या कारखान्यातून वीज मिळाली. सगळं आहे. फक्त फिल्म धुणारं माणूस नाही."

वसंतने मान खाली घातली. औषधाच्या पाण्यात फिल्म अलगद धरणं त्याला आता जमण्यासारखं नव्हतं. हे डॉक्टरांना माहीत नव्हतं.

"मी धुईन," सुलभा म्हणाली.

ते जिनिंग सुलभाने आजवर बाहेरूनच पाहिलं होतं. आत शिरल्यावर तिला वाटलं, आपण कोणाच्या तरी झोपेत शिरलो आहोत. लांबच लांब दालन, पत्र्याच्या छपराला उंचावर काचेची तावदानं, आणि त्यातून उतरणाऱ्या उन्हात अजून कापसाचं बारीक तूस तरंगत होतं. यंत्रं कधीच निघून गेली होती; पण वारा आला की भिंतींच्या खाचांतून ते तूस पुन्हा उठायचं आणि तासन्‌तास खाली बसायचं नाही. बोललेलं लांबवर जाऊन मऊ होऊन परत यायचं. एका कोपऱ्यात डॉक्टरांनी काळ्या कापडाची अंधारखोली करून ठेवली होती.

मेंढी झोपेच्या औषधाने निपचित पडली होती. तिच्या डोक्याभोवती तांबटाकडून घडवून घेतलेली पितळी चौकट होती. कानांत आणि डोळ्यांच्या खाली टेकू देऊन डोकं पक्कं धरणारी, बाजूंना मापाच्या रेघा असलेली. डॉक्टरांनी मेंदूतल्या पोकळीतलं पाणी थोडं काढून तिथे हवा भरली होती. हवेची सावली हाडाच्या सावलीहून वेगळी पडते, म्हणून. सुलभाला तेव्हा यातलं फारसं समजलं नाही. तिने बंद डबीतली फिल्म उचलली आणि काळ्या पडद्याआड गेली.

लाल दिव्याखाली फिल्म पाण्यात सोडली. आधी कडा काळवंडल्या. मग मधे कवटीचा फिका गोल राहिला, चंद्राला खळं पडावं तसा. आणि त्या गोलाच्या आत, अगदी सावकाश, काळसर असं काहीतरी पंख पसरू लागलं. दोन पंख, मधे बारीक अंग. सुलभा वाकून बघत राहिली. पाणी हललं की पंख हलल्यासारखे वाटायचे.

"डॉक्टरसाहेब," ती पडद्याआडून म्हणाली, "हिच्या डोक्यात फुलपाखरू आहे हो."

बाहेरून डॉक्टरांचं हसू ऐकू आलं. "ते सगळ्यांच्याच डोक्यात असतं, वहिनी. तुमच्या, माझ्या. मेंदूच्या आतल्या पाण्याच्या खोल्या आहेत त्या. बघा बरं, दोन्ही पंख सारखे आहेत का?"

नव्हते. डावा पंख मुडपल्यासारखा झाला होता. त्या बाजूचा फोड त्याला रेटत होता.

त्या दिवसापासून सुलभाला एक खोडच लागली. बाजारात भाजीवालीशी भाव करताना, राममंदिरात आरतीला उभी असताना, फोटोला बसलेल्या गिऱ्हाइकाची मान सरळ करताना ती मनात म्हणायची, याच्याही डोक्यात ते बसलं आहे. पंख मिटून. एवढ्या तंट्याबखेड्यांत, एवढ्या हातमागांच्या खटखटीत, ते मात्र शांत. घरी वसंत जेवायला बसला की त्याच्याकडे बघताना तिचा घास हातातच राहायचा.

"काय बघतेस?"

"काही नाही."

पण पहिली मेंढी मेली. दुसरी जगली, पण आंधळी झाली. डॉक्टरांनी मेलेल्या मेंढीची कवटी उघडून बघितली, आणि सुई गेलेली वाट मोजून पाहिली. सुई फोडाच्या शेजारून गेली होती. चूक ज्वारीच्या दाण्याएवढी. पण त्या दाण्याएवढ्या जागेत मेंढीचा जीव होता.

त्या दिवशी वसंतही जिनिंगमध्ये आला होता. सुलभाला घ्यायला म्हणून यायचा, आणि मग तिथेच एका खोक्यावर बसून राहायचा. डॉक्टर त्याला समजावून सांगू लागले. खरं म्हणजे स्वतःलाच सांगत होते.

"चूक सावलीची आहे, वसंतराव. दिवा जवळ असला की भिंतीवर सावली मोठी पडते ना, तसंच. फिल्मवर दिसतं ते खऱ्यापेक्षा मोठं आणि थोडं सरकलेलं. मी हिशेब करून ते कमी करतो. पण प्रत्येक मेंढीचं डोकं निराळं, फोड निराळ्या खोलीवर. हिशेब किती पुरणार?"

"मी जवळून कधीच फोटो काढत नाही," वसंत म्हणाला. "जवळून काढला की नाक भोपळ्याएवढं येतं आणि कान गायब. फिर लडकी को कौन पसंद करेगा? मी आपला मागे सरकतो."

"ते मलाही कळतं हो. दिवा खूप लांब नेला की किरण जवळजवळ सरळ येतील, सावली खरी पडेल. दालनही लांब आहे. पण हे यंत्र म्हातारं. दुप्पट लांब गेलं की जोर चौथाईवर येतो. पार त्या टोकाला नेलं तर फिल्मवर काही उमटणारच नाही."

"मग थोडं थोडं द्यायचं. फिल्म तीच ठेवायची, आणि बटन पुन्हा पुन्हा दाबायचं. यंत्रालाही दम खायला मिळेल."

डॉक्टर मान हलवत म्हणाले, "मेंढी श्वास घेते. चौकटीत धरलं तरी डोकं केसभर हलतंच. दर वेळी निराळ्या जागी फोटो येईल, सगळं धूसर."

वसंत रिकाम्या पितळी चौकटीकडे बघत होता. मग तो म्हणाला, "श्वास सोडला की पुढचा घेण्याआधी सगळे क्षणभर थांबतात. रडणारं पोरसुद्धा. मी आयुष्यभर त्याच क्षणात फोटो काढत आलोय. तो मला दिसतो."

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग दालनाच्या त्या टोकाकडे पाहिलं. दुसऱ्याच दिवशी यंत्र तिकडे हलवायला माणसं आली.

शिमगा तोंडावर आला असताना मालूबाई आली. असीरगढखालच्या कळपाची मालकीण, डोक्यावर धाबळी, हातात काठी. तिच्या मागून बैलगाडीत एक मेंढी, डोळ्यांभोवती काळी वर्तुळं असलेली.

"डाक्टरसाब, ही मनी काजळी. गरगर फिरस. चारा खात नही, पानी बी पेत नही. कळपना म्होरे चालनारी मेंढी शे ही. ही फिरस तं सगळा कळप हिना मांगे फिरस."

डॉक्टरांनी तिच्यापासून काही लपवलं नाही. आधीच्या दोन मेंढ्यांचं काय झालं, तेही सांगितलं.

मालूबाईने काजळीच्या पाठीवर हात फिरवला. "अशी बी मरनारच शे. तुमना हातमा गयी तं गयी. पन मी तिना पाय धरीसन बससू. तिले एकटी ठेवनार नही."

तिला बसू दिलं. सुलभाला तो दिवस पुढे कितीतरी वर्षं तुकड्यातुकड्यांनी आठवायचा, आणि स्वप्नात आठवावा तसा, मागचं पुढे आणि पुढचं मागे. तावदानातून आलेलं ऊन. त्या उन्हात तरंगणारं तूस. दालनाच्या एका टोकाला पितळी चौकटीत झोपलेली मेंढी, तिचा पाय धरून बसलेली मालूबाई, दुसऱ्या टोकाला लांब, एखाद्या ओसाड देवळातल्या समईसारखं उभं असलेलं यंत्र आणि त्याच्या बटनाशी डॉक्टर. यंत्र चालू व्हायचं तेव्हा मालूबाईलाही शिशाचा पत्रा मारलेल्या लाकडी आडोशामागे जावं लागायचं. ती जायची आणि लगेच परत यायची.

आडोशाच्या फटीतून वसंत मेंढीच्या बरगड्यांकडे बघत होता. आजूबाजूला कोणी आहे, हे जणू तो विसरला होता. बरगड्या वर आल्या, खाली गेल्या.

"हां," तो म्हणाला.

यंत्र घरघरलं आणि थांबलं.

वर. खाली. "हां."

पुन्हा घरघर. असं कितीतरी वेळ चाललं. यंत्र तापलं की थांबायचं, निवलं की पुन्हा. त्याचा आवाज एका लयीत येत राहिला. सुलभाला वाटलं, आपणही त्याच लयीत श्वास घेतो आहोत, डॉक्टरही, मालूबाईही, आणि या दालनात सगळे मिळून एकच कोणीतरी झोपलेलं आहे.

तिने फिल्म धुतली. फिकी होती, म्हणून औषधात जास्त वेळ ठेवली. घाई केली नाही. आणि पंख वर आले. या वेळी त्यांची कड धारेसारखी होती. उजवा पंख आत दबला होता, आणि तो कुठून दबला आहे ते इतकं स्वच्छ दिसत होतं की तिथे बोट ठेवावं.

डॉक्टरांनी ओल्या फिल्मवर मापं घेतली. चौकटीचे मळसूत्री खिळे फिरवले, थांबले, पुन्हा मोजलं. सुई आत गेली. मग सुई तशीच ठेवून पुन्हा त्या टोकाला गेले. पुन्हा वसंतचं "हां", पुन्हा घरघर. सुलभाने दुसरी फिल्म धुऊन आणली तेव्हा तिचे ओले हात थंड पडले होते. सुईचं टोक फोडाच्या बरोबर मधोमध होतं.

"आता ओढतो," डॉक्टर म्हणाले.

पिचकारीत शहाळ्याच्या पाण्यासारखं नितळ पाणी आलं. बराच वेळ येत राहिलं.

"माय वं," मालूबाई म्हणाली, "एवढं पानी डोकामा लीसन चाले का ही!"

काजळी जागी झाली ती धडपडतच. पहिल्या दिवशी पुन्हा फिरली, तेव्हा डॉक्टरांचा चेहरा उतरला. पण दुसऱ्या दिवशी सुलभा आली तर मेंढी दालनाच्या मधून चालत होती. सरळ. भिंतीपाशी गेली, भिंत हुंगली, वळली आणि सरळ परत आली. मालूबाई तिच्यामागून चालत होती आणि काही न बोलता पदराने डोळे पुसत होती.

त्यानंतर पावसापर्यंत आणखी मेंढ्या आल्या. सगळ्या वाचल्या असं नाही. एक तर चौकटीत असतानाच गेली. पण सुई आता जिथे जायला हवी तिथेच जात होती. मेलेल्या मेंढीची कवटी उघडूनही डॉक्टरांनी ते पाहिलं.

मधे एकदा चहा पिताना डॉक्टर सहज बोलून गेले होते, "परदेशात माणसांच्या डोक्यातही अशीच सुई घालताहेत म्हणे. ज्यांचे हात कापतात त्यांच्या." बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं आणि ते कपाकडे बघत राहिले. वसंत तेव्हा बाहेर होता. सुलभाने चहाचे कप उचलले. पण त्या क्षणापासून जिनिंगमध्ये आलेली प्रत्येक मेंढी तिला निराळी दिसू लागली. मेंढी जगली की वाटायचं, आपण जवळ आलो. मेंढी गेली की वाटायचं, पुन्हा लांब गेलो. एका दुपारी अंधारखोलीत तिचा डोळा लागला. तिने पाहिलं, पितळी चौकटीत वसंत झोपलाय, अगदी शहाण्या मुलासारखा, आणि त्याच्या कपाळातून ते काळं फुलपाखरू निघून कापसाच्या तुसात उडतंय. ते परत यावं म्हणून ती हाक मारत होती, पण त्याचं नाव काय, तेच तिला आठवत नव्हतं.

श्रावणात तिने डॉक्टरांना विचारलं. वसंत नसताना.

"डॉक्टरसाहेब, यांना करता येईल का?"

डॉक्टरांना काय ते लगेच समजलं. त्यांनी हातातली चौकट खाली ठेवली. "वहिनी, मेंढीच्या डोक्यातला फोड मला दिसतो. दिसतो म्हणून मी तिथे पोचतो. वसंतरावांच्या डोक्यात दिसण्यासारखं काही नाही. कुठे पोचायचं तेच मला माहीत नाही. मी जनावरांचा डॉक्टर आहे."

"पण तुमची सुई आता चुकत नाही."

"बरोबर जागी पोचणं वेगळं आणि जागा बरोबर असणं वेगळं. वसंतरावांना मी त्या चौकटीत कधीच ठेवणार नाही. तुम्ही पाया पडलात तरी नाही."

तिला राग आला. इतका की दोन दिवस ती जिनिंगकडे फिरकली नाही. तिच्या मनात यायचं, मेंढ्या मारल्या तेव्हा यांचा हात थांबला नाही, आणि आता थांबतोय. मग स्टुडिओत एक बाई तान्ह्या मुलाचा फोटो काढायला आली. मूल किंचाळत होतं, आणि वसंत कॅमेऱ्यामागे वाट बघत उभा होता. सुलभाची बोटं फोटो टिपायच्या रबरी फुग्यावर होती. "हां," वसंत हळूच म्हणाला, आणि तिने दाबलं. ते मूल फोटोत असं आलं की जणू कधी रडलंच नव्हतं. तिचा राग कुठे गेला, ते तिलाही कळलं नाही. तिला एवढंच कळलं की या माणसाच्या डोक्याला कोणी आंधळेपणाने हात लावलेला तिला चालणार नाही.

दसऱ्याच्या आधी हुकूम आला. एक नोव्हेंबरपासून राज्यांच्या हद्दी बदलणार होत्या. नागपूर मुंबईकडे जाणार, बऱ्हाणपूर भोपाळकडे. गावात तोच विषय होता. कोणी मराठी शाळेचं काय होणार म्हणत होतं, कोणी अब तो सब काम हिंदी में म्हणून हसत होतं. ज्यांचं खातं नागपूरला त्यांनी निवड करायची होती. डॉक्टरांची आई नागपूरला एकटी. त्यांनी नागपूर निवडलं. पण यंत्र बऱ्हाणपुरात नोंदलेलं होतं. ते नव्या राज्याचं.

"म्हणजे माणूस एकीकडे आणि यंत्र दुसरीकडे," डॉक्टर म्हणाले आणि हसायचा प्रयत्न केला.

यंत्र न्यायला ट्रक आला त्या दिवशी तिघेही जिनिंगमध्ये होते. हमालांनी ते गोणपाटात गुंडाळलं. पितळी चौकट मात्र डॉक्टरांनी स्वतःच्या खर्चाने करवून घेतलेली होती. ती त्यांनी धोतरात बांधून ट्रंकेत ठेवली. निघताना त्यांनी वसंतला मिठी मारली, आणि सुलभाला वाकून नमस्कार केला. ती गोंधळून मागे सरली.

पुढे नागपुरात त्यांची काही वर्षं यंत्रावाचूनच गेली. मग दुसरं मिळालं, नवं, जोरकस. तिथेही त्यांनी ते लांबच लावलं आणि मेंढीच्या श्वासाकडे बघायला एक माणूस शेजारी ठेवला. तो काही वसंतसारखा नाही, असं कधी नागपूरहून आलेल्या कोणाजवळ ते सांगून पाठवत. वसंतचा आजार आपल्या चालीने वाढत गेला. डावा हातही त्यात आला. स्टुडिओ सुलभाने चालवला, आणि चांगला चालवला. पण ती सगळी नंतरची गोष्ट.

ट्रक गेला त्या दुपारी दोघं घरी न जाता परस्पर राजघाटावर गेली. पावसाळा सरला होता. तापीचं पाणी निवळलं होतं, आणि पात्रात कोरलेला जुना दगडी हत्ती पाठीपर्यंत वर आला होता. पायऱ्यांवर ऊन होतं, पण सोसण्याजोगं.

"तू डॉक्टरांना विचारलं होतंस ना," वसंत म्हणाला, "माझ्याबद्दल?"

सुलभाने त्याच्याकडे पाहिलं नाही. "तुम्हाला त्यांनी सांगितलं?"

"नाही. तू दोन दिवस आली नाहीस ना, तेव्हाच कळलं."

"राग आला?"

"छे." त्याने पाण्यात एक खडा टाकला, तो नीट पडला नाही, पायरीवरच आपटला. त्याने दुसरा घेतला. "तुला वाटत असेल मी तिथे रोज आशेने येत होतो. खरं सांगू? आशा मला पहिल्यापासून नव्हती. मी यायचो ते... तिथे माझ्या हाताकडे कोणी बघत नव्हतं. सगळे मेंढीकडे बघत होते. वर्षभर मी हात खिशाबाहेर काढून बसलो. तुझ्या लक्षात तरी आलं का?"

सुलभा आठवू लागली. ते लांब दालन, खोकं, आडोसा, फट. वसंतचा चेहरा तिला दिसत होता, बरगड्यांवर खिळलेले डोळे दिसत होते. हात कुठे होता, ते मात्र तिला काही केल्या आठवेना.

"नाही आलं," ती म्हणाली.

"बघ," वसंत म्हणाला, आणि फार खूश झाल्यासारखा हसला.

खालून नावाडी लीलाधरने हाक मारली, "ओ फोटोवाले! जैनाबाद चलते क्या? नाव खाली जा रही है, कोई सवारी नही."

"तिकडे काय आहे रे?"

"कुछ नही. केळीच्या बागा. जाएंगे, आएंगे."

वसंतने सुलभाकडे बघितलं. घरी कोणी वाट बघणारं नव्हतं, आणि स्टुडिओला आज कुलूप होतं.

"पलीकडे पण भोपाळच का?" पायऱ्या उतरता उतरता सुलभाने विचारलं.

"नदी कुठे जाते ते विचारा बाई," लीलाधर वल्हं टेकत म्हणाला. "राज्य मला नाही समजत."

नाव हलली. सुलभाने वाटेत घेतलेली फुटाण्यांची पुडी सोडून मांडीवर ठेवली. मधल्या धारेत ओढ लागली तेव्हा लीलाधरने वल्हं वर उचललं आणि नाव आपोआप जाऊ दिली. थोडा वेळ कोणीच काही केलं नाही.